चित्राखालचा आवाज

४ मार्च

बिट्टे,

अक्षर ओळखलं असशीलच. पत्र फाडायचं असेल तर दुसरं पान वाचून मग फाड, कामाची गोष्ट तिथे आहे.

येत्या महिन्यात हे जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हा तू दोन ओळी पाठवल्या होत्यास, त्यातली एक तुझा पत्ता बदलल्याची होती. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुझ्या लग्नात ज्या माणसानं खांद्यावर एवढं धूड घेऊन दोन दिवस शूटिंग केलं, त्याच्यासाठी दोन्ही ओळी खर्च करायला हरकत नव्हती. झालं, बोलले.

यांचं कपाट मी आत्ता कुठे उघडलं. वरच्या कप्प्यात एकतीस व्हिडिओ कॅसेट निघाल्या. प्रत्येकीच्या कडेला नंबर, निम्म्यांवर तारीख आणि आत काय आहे तेही, सगळं यांच्या बारीक अक्षरात. मीठ कुठल्या डब्यात असतं हे या माणसाला संसारभर कळलं नाही, पण कॅसेटी मात्र क्रमवार. सहा-सात कॅसेटींच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसते. आमचा व्हीसीआर केव्हाच निकालात निघाला. तेव्हा एक तर सगळं फेकायचं, नाही तर डीव्हीडी करून घ्यायच्या. फेकायला हात उचलेना.

चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ हे काम करतात. साठीचे असतील. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, आता जुन्या टेपा. मी त्यांना टेपवाले म्हणते, ते मला बाई म्हणतात. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी म्हटलं, "पिशवी ठेवून जाते, आठवड्यात द्या." ते म्हणाले, "ठेवून जायचं नाही. घरचं माणूस शेजारी बसल्याशिवाय मी कॅसेट लावत नाही."

"का? तुम्हाला एकट्याला भीती वाटते?"

"एकदा एका घरची सबंध पेटी उतरवली, नावं घालून, डब्या छापून दिली. ती निघाली त्यांच्या भाडेकरूची. तेव्हापासून माणूस पाहिजे. तुम्ही बघायचं, आणि वहीत लिहायचं. कितव्या मिनिटाला कोण दिसतं, कोण काय बोलतं."

"आणि एकतीस कॅसेटींना किती दिवस?"

"तीन तासांची कॅसेट तीन तासच चालते, बाई. ती काही धाकानं लवकर संपत नाही."

"मी धाक कुठे दाखवला?"

"दारातून आत आल्या आल्या."

तर आता रोज सकाळी दहा ते एक मी तिथे बसते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, मला काय, कुठेही बसवा.

कामाची गोष्ट. तुझं लग्न चार आणि पाचमध्ये आहे. हवं असेल तर कळव, नको असेल तरी कळव, तो माणूस आता तुझा नाही हे मला ठाऊक आहे. भिंगरी नऊमध्ये आहे, आठ महिन्यांची. बारामध्ये आहे, तिथे सगळा वेळ तुझ्या साडीमागे तोंड लपवून. आणि सतरामध्ये. ती तू परत पाठवली होतीस, तशीच आहे. तिला जाऊन चोवीस वर्षं झाली. लेक तुझी, तेव्हा त्या तिन्हींवर पहिला हक्क तुझा. म्हणून विचारते.

सतराच्या पार्सलात तू एक चिठ्ठी घातली होतीस. "हिचा आवाज कुठे आहे?" एवढंच. त्याचं उत्तर मी तेव्हाच दोन पानं भरून दिलं होतं. व्हिडिओवाल्यानं आपल्या मनानं सगळा आवाज काढून बासरी भरली, मी काय करणार? त्यानंतर तू जी गप्प बसलीस ती बसलीस. माझं उत्तर अजून तेच आहे.

ताई


१२ मार्च

बिट्टे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमनकडे मी रोज बघते हे त्याच्याही लक्षात आलंय. काल म्हणाला, "आज्जी, आलं की मीच वर आणून देईन." मी त्याला सांगितलं, आज्जी तुझ्या घरी.

बारापर्यंत झालं. हे काम मी समजत होते तसं नाही. मला वाटलं होतं, इकडून कॅसेट घातली की तिकडून तबकडी बाहेर पडेल. टेपवाले आधी कॅसेट उघडून मऊ फडक्यानं बुरशी पुसतात. मग ती न बघता एकदा शेवटापर्यंत पळवतात आणि पुन्हा मागे आणतात. वर्षानुवर्षं एकाच बाजूला गुंडाळून पडलेली टेप चिकटते, ती सुटी व्हावी म्हणून. मग चालवतात, आणि चालता चालता ती संगणकात उतरते. त्यानंतर खरं काम. चित्राची फाइल वेगळी करायची, आवाजाची वेगळी. चित्र बारीक करायचं एका रीतीनं, आवाज स्वच्छ करायचा दुसऱ्या रीतीनं. शेवटी दोन्ही पुन्हा एकत्र आणून डीव्हीडी.

"वेगळं करून पुन्हा जोडायचं, तर वेगळं करायचंच कशाला?" मी विचारलं.

"दोघांची दुखणी वेगळी असतात. चित्राला पट्टे पडतात, आवाजाला खरखर येते. दोघांना एकच औषध दिलं तर दोघंही जातात."

"आणि जोडताना मागेपुढे झालं तर?"

"म्हणून तर लांबी मोजायची. दोन्ही फाइली टोकाला टोक बरोब्बर. अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी माणूस आधी तोंड हलवतो आणि मग बोलतो. बघणाऱ्याला वाटतं, खोटं बोलतोय."

यांचं शूटिंग काय वर्णावं. सात नंबरमध्ये वीस मिनिटं नुसते बूट आहेत. कॅमेरा बंद केला असं समजून गळ्यात अडकवून हे हिंडत होते. मागे माझा आवाज, अखंड. टेपवाल्यांनी वहीकडे बोट दाखवलं, "लिहा, कोण बोलतंय?" मी लिहिलं, "पत्नी." ते म्हणाले, "वीस मिनिटं?" मी म्हटलं, "तुम्ही मशीन बघा."

बारामध्ये तू आहेस. निळी साडी, आणि मागून एक छोटा हात पदराची गुंडाळी करतोय. तू कुणाशी तरी बोलता बोलता मागे न बघता तो हात सोडवतेस आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच पदर त्याच्याकडे देतेस. पुन्हा लावायला सांगितलं मी. टेपवाल्यांनी टेप मागे घेतली.

या आठवड्यात सतरा येईल. मी त्यांना सांगितलंय, तिच्यावर नुसती बासरी आहे, बघायची गरज नाही, आवाजाची फाइल करूच नका, नुसतं चित्र घ्या. ते हो म्हणाले. या माणसाचं हो म्हणजे नक्की काय असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

ताई


२० मार्च

बिट्टे,

बसून वाच.

आवाज आहे.

काल मी दहाला पोचले तर त्यांनी सतरा आधीच लावलेली. मी म्हटलं, माझ्याशिवाय लावायची नाही ना तुमच्यात? ते म्हणाले, फक्त सुरुवात बघत होतो. पडद्यावर ती होती. पिवळा फ्रॉक, तोच. मागे ती रडकी बासरी. मी पाठ वळवून पर्स ठेवत होते, त्यांनी मशीनवरचं एक बटण फिरवलं, आणि बासरी थांबली आणि माझ्या पाठीमागे भिंगरी म्हणाली, "मावशी, हा कॅमेरा मला कुठून बघतो?"

मी खुर्ची धरली. त्यांनी पाणी दिलं, बाई-बिई काही न म्हणता.

ते समजावून सांगत होते, मला निम्मं कळलं. ते सांगते. यांचा कॅमेरा भारीतला होता. त्यात आवाज दोन ठिकाणी उतरतो. एक टेपच्या कडेच्या पट्टीवर, आणि एक चित्राच्याच खाली, त्याच जागी. कडेचा आवाज पुसून त्यावर काहीही भरता येतं. व्हिडिओवाल्यानं तेच केलं. चित्राखालचा पुसायचा तर चित्रच पुसावं लागतं. तुझा-माझा व्हीसीआर साधा, तो फक्त कडेची पट्टी वाचायचा. म्हणून आपल्याला बासरी ऐकू आली. खाली ती बोलतच होती. चोवीस वर्षं, माझ्या घरात.

यांना कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक पाठ होतं. यांना हे माहीत नसेल, असं मी स्वतःला कालपासून दोनदा सांगून पाहिलं.

ती खूप बोलते, बिट्टे. मी विसरले होते की ती 'र'ला किती जोर लावायची. गोगलगाय दिसली तर तिला विचारते, तू शाळेत कधी पोचणार. यांना म्हणते, काका, तुम्ही कॅमेरा घेतला की तुमचं तोंड कुठे जातं? तुझी नक्कल करते. कमरेवर हात ठेवून, "मी शेवटचं सांगतेय." टेपवाले हसले आणि मग त्यांनी माझ्याकडे बघून चष्मा पुसायला घेतला.

ते आता चित्र आणि आवाज वेगवेगळे काढताहेत. खरखर काढायला चारेक दिवस लागतील म्हणाले. मग तुला पाठवते.

फक्त एक आहे. बाराव्या मिनिटाच्या आसपास टेप खराब झालीये. पाऊण मिनिटाचा भाग. तेवढा कापावा लागेल. त्यात विशेष काही नाही.

ताई


३ एप्रिल

बिट्टे,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं खरंच वर आणून दिलं, आणि वाचूनही झालं होतं त्याचं. "सगळं पाठव. खराब झालेलंसुद्धा." त्या कॅसेटीबद्दल चोवीस वर्षांनी चार शब्द. आधीच्या चिठ्ठीतही चारच होते, तू काही वाढलेली नाहीस.

मला राग आला. मी रोज तीन तास त्या खुर्चीवर बसून पाठ मोडून घेते, वही लिहिते, आणि ही बाई मला हुकूम सोडते. तरातरा जिने चढून गेले आणि टेपवाल्यांना म्हटलं, "तो तुकडा कापा. आजच्या आज."

त्यांनी विचारलं, "टेप तर तिथे चांगली आहे. का कापायचा?"

"मी सांगतेय म्हणून."

"आवाज कापू की चित्रपण?"

मी विचार केलेला नव्हता. म्हटलं, आवाज.

"चित्र राहील मग. मी तिथे शांतता भरतो, लांबी जुळायला. पण पोरीचं तोंड हलताना दिसेल."

"मग चित्रपण कापा."

"मग ती पळता पळता एकदम खाली बसलेली दिसेल, आणि लगेच पुन्हा उभी. धक्का बसतो बघणाऱ्याला. कुणीही विचारेल, मध्ये काय होतं."

"मग बासरी घाला तिथे."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "बाई, तुमची वस्तू आहे. सांगाल ते करतो. पण ज्यानं पहिल्यांदा बासरी भरली, त्यानं ती आपल्या मनानं भरलेली नाही. आपल्या मनानं भरणारा सुरुवातीला आणि शेवटी भरतो, मध्ये पोर बोलतेय तिथे कमी करतो. मी हा धंदा बघितलाय. हे कुणीतरी बसून भरून घेतलंय, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत."

मी त्यांना सांगितलं की तुमच्या जिन्याचा दिवा गेलाय आणि तुम्ही स्वतःला फार शहाणे समजता. आणि घरी आले.

परीक्षा विभागात मी तेहतीस वर्षं काढली, तुला माहीतच आहे. गुणपत्रिकेत कुणी आकडा बदलला की तो माझ्याच टेबलावर सापडायचा. पोरं एक आकडा खोडतात, तिथे कागद पातळ होतो, उजेडाला धरला की कळतं. पण एका प्राध्यापकानं सबंध पान नव्यानं लिहून लावलं होतं. एकच शाई, एकच हात, कुठेही खाडाखोड नाही. ते मला दोन वर्षं सापडलं नव्हतं. त्यातून मी शिकले. एकच जागा लपवायची असेल तर सगळंच नव्यानं लिहावं.

आता तुला कळलं असेल.

उद्या लिहिते. आज नाही जमत.

ताई


५ एप्रिल

बिट्टे,

उद्या म्हटलं आणि एक दिवस गेला. काल चार कागद फाडले. प्रत्येकात तिसऱ्या ओळीत 'पण' येत होता. शाळेत सिस्टर म्हणायच्या, चूक सांगताना 'पण' आला की तिथेच थांबा, पुढे वकिली असते. ख्रिश्चन मुली शुक्रवारी कन्फेशनला जायच्या आणि हसत बाहेर यायच्या, मला त्यांचा हेवा वाटायचा. मला वाटायचं, आत बसलेला माणूस तोंड न दाखवता ऐकतो, किती सोपं. तूही तशीच बसलीयेस चोवीस वर्षं. सोपं नाही.

त्या सुट्टीत भिंगरी आमच्याकडे होती. तुला नोकरी, तिच्या बापाला दौरे. महिनाभर ती माझी होती, आणि मला मूल नव्हतं, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आत्ताही एवढंच. यांनी नवीन कॅमेरा आणलेला. मला वाटलं, तुला एक छान कॅसेट करून पाठवावी. तुझ्या त्या भाड्याच्या खोल्यांपेक्षा ती इथे किती रमते, ते तुला दिसावं. असा माझा कोतेपणा होता, तोही लिहून ठेवते.

मागच्या उतारावरून तिनं पळत यायचं आणि कॅमेऱ्यासमोर थांबून तुझ्यासाठी दोन वाक्यं बोलायची, असं मी ठरवलं. पहिल्यांदा पळाली, यांचा फोकस चुकला. दुसऱ्यांदा पळाली, ती वाक्यं विसरली. तिसऱ्यांदा निम्म्यात थांबली आणि खाली बसली. पुढचं मी वहीतून उतरवते. टेपवाल्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं होतं, माझ्याच अक्षरात आहे.

११ मि. ४० से. मूल खाली बसतं. छातीवर हात.

११ मि. ४४ से. मूल: "मावशी, इथे दुखतं. आत धडधड धडधड होतंय."

११ मि. ४९ से. बाईचा आवाज: "पळालं की धडधडणारच. नाटकं नकोत. ऊठ."

११ मि. ५५ से. पुरुषाचा आवाज: "अगं राहू दे, दमलीये ती."

११ मि. ५७ से. बाईचा आवाज: "तुम्ही फोकस बघा."

१२ मि. ०२ से. मूल: "काल पण असंच झालं. परवा पण."

१२ मि. ०७ से. बाईचा आवाज: "बरं. आणि हे आईला सांगत बसू नकोस हं. ती लगेच घाबरते, मग तुला पळूच देणार नाही. इथे परत पाठवणार नाही. चालेल?"

१२ मि. १६ से. मूल मान हलवतं. "नाही सांगणार."

१२ मि. १९ से. मूल उठतं. पळतं.

चौथ्या वेळी ती बरोबर पळाली. दोन्ही वाक्यं बरोबर म्हणाली. मग कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "आता नीट आलं?" मी म्हटलं, "आलं. शाबास." ते तू बासरीसकट बघितलंयस. ती हसते ते माझ्या त्या शाबासकीला हसते.

तीन महिन्यांनी ती शाळेच्या मैदानात पडली.

हॉस्पिटलच्या त्या लांब व्हरांड्यात हिरव्या बाकावर आपण बसलो होतो. तू, तुझा नवरा, मी, हे. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, हृदयातला दोष जन्मापासून असावा. मग त्यांनी तुला विचारलं, पळताना दमायची का? छातीत दुखतं, धडधडतं असं कधी म्हणाली होती? तू म्हणालीस, नाही. ते पुन्हा म्हणाले, आठवून बघा, आधी कळलं असतं तर उपाय होता. तू पुन्हा म्हणालीस, नाही, कधीच नाही. तुझ्या नवऱ्यानं तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई ना तू? तुझ्या लक्षात नाही आलं?"

मी तुझ्या शेजारी बसले होते. माझा हात तुझ्या पाठीवर होता. तो मी काढला नाही आणि तोंडही उघडलं नाही. हे माझ्याकडे बघत होते. मी यांच्याकडे बघितलं नाही.

तेवढा एक वेळ गेला की मग पुढचं प्रत्येक वेळी आणखी अवघड होतं. त्यानं तुला ते वाक्य किती वेळा ऐकवलं असेल, मला माहीत नाही. तीन वर्षांनी तो निघून गेला तेव्हा तू आईला म्हणाली होतीस म्हणे, तो बोलला ते खरंच होतं, माझंच लक्ष नव्हतं. आईनं मला ते सांगितलं. मी तेव्हाही भाजी निवडत राहिले.

तिला जाऊन महिना झाला आणि तू ती कॅसेट मागितलीस, तोवर ती पाठवायची राहूनच गेली होती. मी एकटी व्हिडिओवाल्याकडे गेले. त्यानं विचारलं, बासरी कुठून कुठपर्यंत भरू? मी म्हटलं, पूर्ण. तो म्हणाला, पोर छान बोलतेय, मध्ये राहू द्या. मी म्हटलं, पूर्ण. बासरी त्यानं निवडली, एवढंच त्याचं. त्या माणसाला मी दोन पानी पत्रात बेअक्कल म्हटलं होतं. तो शब्द परत घेते.

घरी आल्यावर यांनी कॅसेट लावून बघितली. नवा-कोरा कॅमेरा डब्यात घातला आणि त्यानंतर कधी बाहेर काढला नाही. अठरा ते एकतीस या कॅसेटी आहेत ना, त्या रिकाम्या आहेत. विकत आणून नंबर घालून ठेवलेल्या. मला हे गेल्या आठवड्यात कळलं. टेपवाले एकामागून एक लावत गेले आणि पडद्यावर नुसती मुंग्यांसारखी खरखर. ते म्हणाले, "बाई, बंद करू?" मी म्हटलं, सगळ्या लावा. दोन दिवस आम्ही दोघं एकेक कॅसेट पुढे पळवत ती खरखर बघत बसलो.

काल मी पुन्हा गेले. त्यांनी दोन फाइली तयार ठेवल्या होत्या, एक बासरी घातलेली, एक पूर्ण. म्हणाले, बोला. मी म्हटलं, बासरीवाली पुसून टाका. त्यांनी माझ्यासमोर पुसली. मग चित्र आणि आवाज शेजारी शेजारी लावून लांबी दाखवली. एकाही सेकंदाचा फरक नाही. तिचं तोंड हलतं तेव्हाच ती बोलते.

डीव्हीडी या पत्रासोबत आहे. एकच आहे, मी माझ्याकडे ठेवलेली नाही. तू आधी बाराव्या मिनिटावर जाशील, मी तुला ओळखते. जाऊ नकोस. सुरुवातीपासून बघ. गोगलगाय बघ, तुझी नक्कल बघ. ते सगळं तुझं आहे, त्यात माझा आवाज आला तरी लक्ष देऊ नकोस. मग माझ्यापर्यंत ये.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. त्या व्हरांड्यात तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, तुझ्याकडे नव्हतं, एवढं तुझ्या हातात लेखी असावं म्हणून लिहिते. तुझ्या तेव्हाच्या नवऱ्याला दाखवायचं असेल तर दाखव. तुझं लक्ष होतं, बिट्टे. बारा नंबरमध्ये तू मागे न बघता तिचा हात ओळखतेस. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तिनं तुला कळू दिलं नाही. सुट्टी संपल्यावर ती तुझ्याकडे आली, तीन महिने रोज शाळेत गेली, जिने चढली, तुझ्या कुशीत झोपली, आणि एकदाही बोलली नाही.

सात वर्षांची होती. तिनं मला दिलेला शब्द पाळला.

ताई